वस्तीतल्या मुलींसाठी खो-खोचं मैदान कसं सुरू करावं

सोलापूरच्या पूर्व भागात किंवा कुंभारीच्या विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीत मुलींचा खो-खो सुरू करायचा असेल, तर गणवेश, बूट आणि बॅनर यांच्या आधी वेळ ठरवा. घरी विड्या वळणाऱ्या आईला संध्याकाळी मुलीचा हात लागतो. पाच वाजताचा सराव कागदावर छान दिसतो, पण नेमकं तेव्हाच पानं कापणं, धाकट्याला सांभाळणं, चूल पेटवणं चालू असतं. मुलगी आठवड्यात दोनदा येते, मग यायची बंद होते आणि ‘पालकांना आवड नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. आवड असते, तास जुळत नाही.

म्हणून आधी पंधरा-वीस घरं फिरा आणि आयांनाच वेळ विचारा. नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं तेही विचारा. शहरात पाणी रोज येत नाही आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी मुली मैदानावर दिसणार नाहीत. तो दिवस सुट्टीचाच धरा. पूर्व भागात अनेक घरांची भाषा तेलुगू आहे, त्यामुळे फळ्यावरची सूचना मराठीच्या खाली तेलुगूतही लिहा. निरोप मुलीच्या तोंडून कळण्यापेक्षा आजीने स्वतः वाचलेला बरा.

उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सराव सकाळी सहा ते साडेसात. शाळेच्या दिवसांत संध्याकाळी सहानंतर. डिसेंबर-जानेवारीत सहानंतर लवकरच अंधार होतो, दिवे नसतील तर शनिवार-रविवारच्या सकाळी ठेवा. परत जाताना गल्लीवार गट करा आणि प्रत्येक गटाबरोबर एक मोठं माणूस द्या. मैदानावर कायम दोन प्रौढ हवेत, त्यातली एक बाई. याला तडजोड नाही.

खो-खोच का? साहित्य म्हणजे दोन खांब, आणि एका डावात अठरा जणी खेळतात. संघ बाराचा, त्यातल्या नऊ जणी खेळतात. नावं मात्र चोवीस घ्या, तेव्हाच रोज अठरा जमतात.

जागा विकत घेण्याच्या किंवा मुरूम ओतण्याच्या फंदात पहिले सहा महिने पडू नका. जवळच्या शाळेचं मैदान संध्याकाळी मागा. अर्जात वार, वेळ, जबाबदार व्यक्ती आणि ‘सरावानंतर झाडून देऊ’ हे स्पष्ट लिहा. मुख्याध्यापकांना खेळापेक्षा फाटकाच्या किल्लीची काळजी जास्त असते. किल्ली कोणाकडे राहील ते अर्जातच सांगितलं की निम्मं काम झालं.

मोठ्या गटाचं मैदान 27 बाय 16 मीटर. दोन्ही टोकांना दीड-दीड मीटर मुक्त क्षेत्र सोडलं की खांबांमधलं अंतर 24 मीटर राहतं. मधली पट्टी 30 सेंटिमीटर रुंद. तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पट्ट्या 35 सेंटिमीटरच्या. खांबापासून पहिली पट्टी 2.55 मीटरवर, पुढे दोन पट्ट्यांमध्ये 2.30 मीटर. बेरीज 24 येत नसेल तर टेप कुठेतरी ढिला पडलाय. कोपरे काटकोनात आहेत का ते कर्ण मोजून बघा: दोन्ही कर्ण 31 मीटर 38 सेंटिमीटर यायला हवेत. डोळ्याने आखलेलं मैदान हमखास तिरकं होतं आणि मुलींना चुकीच्या अंतराची सवय लागते. लहान वयोगटाचं मैदान आखायचं असेल तर त्या वर्षीची नियमपत्रिका पाहूनच आखा. रेषा फक्कीने मारा. कळीचा चुना स्वस्त पडतो, पण सूर मारताना तो डोळ्यात गेला तर डोळा भाजतो.

खांब लाकडाचाच हवा. जमिनीवर 120 ते 125 सेंटिमीटर, जाडी 9 ते 10 सेंटिमीटर, वरचं टोक गोल घासलेलं, आणि जमिनीत किमान अर्धा मीटर. लोखंडी पाइप रोवला की खांबाला वळसा घेणाऱ्या मुलीच्या बरगडीला त्याची किंमत मोजावी लागते.

आता माती. इथली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात बुटाला चिकटून येते. स्वतःची जागा मिळालीच तर काळी माती 20 सेंटिमीटर काढा, खाली 15 सेंटिमीटर मुरूम आणि वर 5 सेंटिमीटर चाळलेली लाल माती घाला. कडेची मोकळी जागा धरून 30 बाय 19 मीटरसाठी दबलेला मुरूम 30 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो. सैल माल दबतो, म्हणून 37-38 ब्रास मागवा. लाल माती साधारण 12-13 ब्रास. मुरूम एकदम पसरू नका. दोन थरांत घ्या, प्रत्येक थर भिजवून रोलर फिरवा. मधून कडेकडे दर मीटरला एक सेंटिमीटर उतार ठेवा, नाहीतर सप्टेंबरच्या पावसात मध्येच तळं साचतं. रोजच्या शिंपणीला सुमारे 2,000 लिटर पाणी जातं. ते आदल्या संध्याकाळी मारा. खेळाच्या तोंडावर मारलं तर वरचा थर निसरडा होतो. एवढ्या पाण्याची सोय नसेल तर फक्त मधली पट्टी आणि खांबांभोवतीची जागा भिजवा, पडझड तिथेच जास्त होते.

पहिल्या महिन्यात सूर शिकवू नका. आधी बसणं-उठणं: एक आड एक विरुद्ध दिशेला तोंड, उठताना पहिलं पाऊल पुढे. मग खो देणं: पाठीमागून, हाताचा स्पर्श आणि शब्द एकाच क्षणी. मग नियमांची सवय: पाठलाग करणारीने मधली पट्टी ओलांडायची नाही, एकदा घेतलेली दिशा खांबापलीकडच्या मुक्त क्षेत्रात पोहोचल्याशिवाय बदलायची नाही. नवख्या मुली सगळ्यात जास्त इथेच चुकतात, कारण पळती पुढ्यातच दिसत असते. मैदानावर पळायला न येणाऱ्या मुलीच्या हाती गुणफलक आणि घड्याळ द्या. चांगले गुणलेखक फार कमी असतात.

पाण्याबरोबर साखर-मीठ ठेवा: एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. चक्कर आली तर सराव थांबवून सावलीत आडवं करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, शुद्धीत असेल तरच पाजा. शुद्ध हरपत असेल तर थेट दवाखाना.

स्पर्धांसाठी नाव शाळेमार्फत जातं. शालेय स्पर्धा 14, 17 आणि 19 वर्षांखालच्या गटांत होतात, म्हणून जन्मदाखल्याची प्रत जूनमध्येच गोळा करा. दहावी-बारावीला स्पर्धेच्या पातळीनुसार मिळणारे क्रीडा गुण आणि सरकारी नोकऱ्यांतलं 5 टक्के खेळाडू आरक्षण हे पालकांना सांगा, पण आमिष म्हणून नको. त्या पातळीपर्यंत फार थोड्या पोहोचतात.

पैशाचा हिशेब महिन्याला फळ्यावर लावा. वाढदिवसाचा फलक लावण्याच्या अटीवर कोणी खांब देत असेल, तर खांब वर्गणीतूनच घ्या.

गणपतीच्या आधी काही आठवडे तालमींचा लेझीमचा सराव त्याच मैदानावर, त्याच वेळी सुरू होतो. भांडू नका, आषाढातच मंडळाबरोबर वार वाटून घ्या. संक्रांतीच्या गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत सराव ठेवू नका, कोणी येत नाही. मैदानावरचा मंडप उतरला की त्याच्या खांबांचे खड्डे शोधा. त्यांत नुसती माती ढकलली तर पुढच्या पावसात ती बसते आणि घोटा मुरगळतो. मुरूम दोन थरांत भरा, पाणी टाका, धुम्मसाने ठोका आणि वर लाल माती घालून दोन दिवस त्या जागी फक्कीने गोल आखून ठेवा.