जुलाब लागले की आधी बाळाच्या पोटाला चिमटी घेऊन बघा

गावात आशा म्हणून काम करतेय त्याला बारा वर्षं झाली. पावसाळा लागला की मला सगळ्यात जास्त बोलावणी येतात ती जुलाबाची. घरात शिरले की आजी हमखास सांगते, "दात येतायत गं, होणारच." दातांमुळे हिरड्या शिवशिवतात आणि बाळ दिसेल ते तोंडात घालतं, एवढं खरं. जुलाब होतात ते तोंडात गेलेल्या घाणीने. दातांवर ढकलून दोन दिवस थांबू नका.

मूल हातचं जातं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्याने. ते किती गेलंय, हे आईला घरीच कळतं. बाळाला उताणं निजवा. बेंबी आणि कुशीच्या मधली कातडी अंगठा आणि पहिल्या बोटाच्या चिमटीत धरा, वर उचला, सोडा. नख लागू देऊ नका. तब्येत ठीक असेल तर कातडी सोडल्याबरोबर सपाट होते. हळूहळू खाली बसली तर पाणी कमी पडतंय. दोन सेकंदांनंतरही घडी तशीच उभी असेल तर दवाखाना गाठा. फार अशक्त, कुपोषित मुलाची कातडी मुळातच सैल असते, तिथे ही चिमटी फसवते. त्या मुलाला तपासत बसू नका, सरळ घेऊन जा.

सोबत डोळे बघा, खोल गेलेत का. वाटी पुढे केली की हपापून पितंय, चिडचिड करतंय, म्हणजे तहान आतपर्यंत लागलीय. पण चिडणारं मूल एकदम गप्प झालं, पाणी तोंडात घेईना, मान टाकली, तर त्याला "झोप लागली" समजू नका. 108 ला फोन करा. शीमध्ये रक्त दिसलं किंवा घातलेलं सगळं उलटून पडत असेल तरीही घरी थांबायचं नाही.

आता ओआरएस, म्हणजे गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायची पाकिटातली पूड. इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. एका घरी आईने अख्खं पाकीट स्टीलच्या एका पेल्यात कालवलं होतं आणि माउली मोठ्या मायेने पाजत होती. इतकं खारट पाणी बाळाला अपाय करतं. 20.5 ग्रॅमचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात घालायचं. लिटरची पाण्याची बाटली घरात असते, तिने मोजा. पाणी उकळून गार केलेलं असावं. वर साखर नको, मीठ नको. केलेलं पाणी 24 तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. गोड सरबतासारखे तयार डबे त्याच्या जागी चालत नाहीत.

दोन वर्षांखालच्या बाळाला प्रत्येक पातळ शीनंतर 50 ते 100 मिली, म्हणजे साधारण पाव ते अर्धा कप. मोठ्याला त्याच्या दुप्पट. चमच्याने, घोट घोट. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा सुरू करा, आणखी सावकाश.

झिंकच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या आम्ही देतो. सहा महिन्यांवरच्या बाळाला रोज एक, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी, चमच्यात आईच्या दुधात विरघळवून. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी 14 दिवस पुरे करायचे. जुलाब बंद करायचं औषध दुकानातून मनाने आणू नका.

आणि बाळाला उपाशी ठेवू नका, मी हात जोडून सांगते. अंगावरचं दूध चालूच राहू द्या. जेवणाऱ्याला मऊ वरणभात, केळं. बरं झाल्यावर दोन आठवडे दिवसाला एक जेवण जास्तीचं.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, वरचं पाणीसुद्धा नको. रोटाव्हायरसची लस 6, 10 आणि 14 आठवड्यांना असते, ती चुकवू नका. माठात हात बुडवू नका, ओगराळं ठेवा. बाळाची शी अंगणाच्या कडेला टाकू नका, संडासातच टाका आणि मग साबणाने हात धुवा. लहान बाळाची घाण नसते असं आपल्याकडे म्हणतात, पण जुलाब पसरतात ते तिच्यातूनही.

दवाखान्यात निघताना ओआरएसची बाटली आणि चमचा पिशवीत टाका. बाळ शुद्धीवर असेल, पीत असेल, तर गाडीतही पाजत राहा.