सबवेत नवीन लागलात? आधी टायमर समजून घ्या

न्यूयॉर्क सबवेत ट्रेन ऑपरेटर म्हणून नव्याने लागलेली आपली मंडळी एक प्रश्न हमखास विचारतात: रूळ सरळ, पुढे गाडी नाही, मग इथे वेग का पाडायचा? वळण, उतार, सांधे ही कारणं दिसतात तरी. रुळांवर कामगार असले की पिवळे दिवे लावलेले असतात आणि ताशी १० मैलांनी जायचं, त्यातही वाद नाही. डोकं खातो तो टायमर, म्हणजे गाडीचा वेग आवरायला लावलेला, वेळेवर उघडणारा सिग्नल.

सिग्नल लाल असतो. खाली 'जीटी' (ग्रेड टाइम, म्हणजे टायमरची खूण) आणि ताशी मैलांचा एक आकडा, समजा २०. तुम्ही २० मैलांच्या आत राहून त्याच्या दिशेने येत राहायचं. ठरलेले सेकंद भरले की तो समोरच उघडतो. लाल दिसलं की थांबायचं हे अंगात मुरलेलं असतं, त्यामुळे सुरुवातीला पोटात गोळा येतोच. तो लाल असेपर्यंत रुळालगतचा ट्रिपर, म्हणजे लोखंडी हात, वर असतो. तसंच पुढे गेलात तर डब्याखालचा कॉक त्यावर आपटतो आणि इमर्जन्सी ब्रेक लागतो. मग कंट्रोलला कळवा, जाब द्या, आणि मागे गाड्या तुंबलेल्या. म्हणून पाटी २० ची असली तरी मुरलेला माणूस सोळा-सतराने येतो. प्रवासी म्हणतात, गाडी रेंगाळते.

हे सगळं उगाच आलेलं नाही. ५ जून १९९५ ला विल्यम्सबर्ग पुलावर 'जे' मार्गाची गाडी उभ्या 'एम' मार्गाच्या गाडीवर मागून आदळली आणि 'जे'च्या मोटरमनचा जीव गेला. ट्रिपरने ब्रेक लावला होता, पण थांबायला जागाच पुरली नाही. तिथलं सिग्नलमधलं अंतर १९१८ च्या हलक्या, संथ गाड्यांच्या हिशेबाचं होतं. त्यानंतर टायमर वाढत गेले.

ऑपरेटरांची धास्तीही खोटी नव्हती. २०१८ मध्ये अँडी बायफोर्ड सबवे चालवणाऱ्या न्यूयॉर्क सिटी ट्रान्झिटचे अध्यक्ष असताना सिग्नल तपासायला पथक नेमलं, तेव्हा कित्येक टायमर पाटीवरच्या वेगाला उघडतच नाहीत असं निघालं. २०१९ च्या सुरुवातीला ब्रुकलिनच्या फोर्थ अव्हेन्यू लाइनवर काही ठिकाणी वेगमर्यादा वाढल्या.

तेव्हा शिकाऊ असताना जुन्या ऑपरेटरशेजारी उभे राहाल, तेव्हा नकाशा पाठ करण्यापेक्षा कुठला टायमर उशिरा उघडतो ते टिपून ठेवा. 'एल' आणि '७' या मार्गांवर बराचसा हिशेब संगणकच सांभाळतो, तिथे ही झटापट कमी. पण जॉब, म्हणजे कुठल्या मार्गावर कुठली पाळी करायची ते, निवडताना ज्येष्ठता चालते. नव्या माणसाच्या वाट्याला उरलेलंच येतं.