क्लेप परीक्षा: चार पास झाले, तीन कामी आले

बारावी कॉमर्सनंतर चार वर्षं मी सांगलीत एका हार्डवेअरच्या घाऊक दुकानात हिशेब लिहीत होते. रोजकीर्द, खतावणी, महिनाअखेरची तेरीज. लग्नानंतर न्यू जर्सीत आले. मुलगी शाळेत जायला लागल्यावर इथल्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजात, नाव घातलं, तर पहिल्याच सत्रात समोर आलं ‘फायनान्शियल अकाउंटिंग’. रोज हातानं केलेलं काम पुन्हा अख्खं सत्र बसून शिकायचं आणि वर कित्येक शे डॉलर भरायचे, हे जिवावर आलं. तेव्हा शेजारच्या ताईंनी क्लेपचं नाव सांगितलं. ही परीक्षा पास झालात की तो कोर्स न करताच त्याची क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी लागणारे श्रेयांक, मिळतात.

कॉलेज प्रवेशाची एसएटी परीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड हीच संस्था १९६७ पासून ही परीक्षा घेते. एकूण ३४ विषय आहेत. बहुतेक पेपर दीड तासाचे, संगणकावर, बहुपर्यायी. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न सोडू नका. गुण २० ते ८० मध्ये मिळतात आणि बऱ्याच कॉलेजांत ५० ला पास धरतात. पास झालात की साधारण तीन क्रेडिट खात्यात जमा. शाळेतल्या मुलांची एपी, म्हणजे कॉलेजच्या पातळीची परीक्षा, फक्त मे महिन्यात असते, क्लेप मात्र वर्षभर देता येते.

अकाउंटिंगला मी निर्धास्त होते आणि पहिल्याच सराव पेपरात आपटले. ‘स्टॉक’ म्हणजे आपल्याकडे दुकानातला माल, इथे कंपनीचे शेअर. मालाला म्हणायचं ‘इन्व्हेंटरी’. आपले ऋणको इथे ‘अकाउंट्स रिसीव्हेबल’. आमच्या बारावीच्या ‘पुस्तपालन व लेखाकर्म’मध्ये ताळेबंदाची डावी बाजू देयतांची, इथे आधी मालमत्ता आणि त्यातही सगळ्यात वर रोख. मालाचं मूल्य काढायची ‘लिफो’ पद्धत (शेवटी आलेला माल आधी विकला असं धरायचं) आपल्या लेखामानकांत बसत नाही, इथे ती चालते आणि पेपरात हमखास येते. नावे-जमेचं गणित मात्र तेच, तिथे हात आपोआप चालतो. मी एका वहीत डावीकडे आपला शब्द, उजवीकडे इथला, अशी तीन पानं भरली आणि तीन आठवडे तेवढंच घोकलं. ६६ आले.

तयारीला पैसे घालू नका, हे मी कळकळीनं सांगते. ‘मॉडर्न स्टेट्स’ या संस्थेचे कोर्स फुकट आहेत. तिथला कोर्स आणि त्यातल्या चाचण्या पूर्ण केल्या की परीक्षेच्या फीचं व्हाउचर मिळतं. परीक्षा केंद्र आपली वेगळी फी घेतं, तीही ते परत देतात, म्हणून पावती जपून ठेवा. माझे मॅनेजमेंट आणि मॅक्रोइकॉनॉमिक्स असेच निघाले.

आता चूक. चौथा पेपर मी समाजशास्त्राचा दिला. कॉलेजातल्या सल्लागार बाईंनी तोंडी सांगितलं होतं, ‘हो, चालतो.’ दोन महिने मुलीला झोपवून रात्री अभ्यास केला, पास झाले. मग निबंधक कार्यालयातून कळलं की क्रेडिट मिळेल, पण ‘फ्री इलेक्टिव्ह’, म्हणजे कुठलाही विषय चालेल अशा मोकळ्या जागेत. माझ्या पदवीत फ्री इलेक्टिव्हला जागाच नव्हती. तीन क्रेडिट कागदावर आहेत, पदवीला त्यांचा काडीचा उपयोग नाही. त्या दिवशी मी पार्किंगमध्ये गाडीत बसून रडले. म्हणून सांगते, पुस्तक उघडायच्या आधी कॉलेजला ईमेल करा. हा पेपर कुठल्या कोर्सच्या जागी धरणार, किती गुण लागतील, परीक्षेतून जास्तीत जास्त किती क्रेडिट घेता येतील, हे तिन्ही लेखी मागा. पुढे चार वर्षांच्या कॉलेजात जाणार असाल, तर त्यांनाही विचारा. एका कॉलेजनं धरलेलं क्रेडिट दुसरं धरेलच असं नाही. ट्रेंटनचं थॉमस एडिसन स्टेट विद्यापीठ मुळात नोकरी-संसार सांभाळणाऱ्या प्रौढांसाठीच आहे, तिथे परीक्षेतून मिळवलेल्या क्रेडिटला भरपूर वाव असतो.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर असाल तर आणखी एक बघा. पूर्णवेळ विद्यार्थी म्हणून सत्राला किमान बारा क्रेडिटचे कोर्स लागतात, त्यात क्लेपची क्रेडिट मोजत नाहीत. परीक्षेच्या भरवशावर कोर्स कमी करू नका.

नोंदणी करताना नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा. आपल्या पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये असतं आणि केंद्रावर ते अक्षर न् अक्षर ताडून बघतात. निकाल बहुतेक विषयांत तिथल्या तिथे पडद्यावर येतो.

अमेरिकन इतिहासात मला ४७ आले. शिवकाळाच्या सनावळ्या झोपेत विचारल्या तरी सांगेन, पण यादवी युद्धाच्या आधीची तीस वर्षं डोक्यात बसत नाहीत. पुन्हा बसायला तीन महिने थांबावं लागतं. माझे ऑक्टोबरात संपतात. या वेळी निबंधकांचं ईमेल आधी घेतलंय, आणि वहीत नवं पान उघडलंय.