रेंजफाइंडरवर नवी वाइड लेन्स : आधी काय तपासावं, मग कशी वापरावी

रेंजफाइंडर कॅमेऱ्यात, म्हणजे व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस जुळवायच्या कॅमेऱ्यात, आरसा नसतो. या एका गोष्टीमुळे वाइड लेन्स आखणाऱ्याला मोठी मोकळीक मिळते, कारण मागचं भिंग फिल्मच्या अगदी जवळ नेता येतं. लुडविग बर्टेले यांनी कॉन्टॅक्ससाठी आखलेली २१ मि.मी. एफ/४.५ बायोगॉन लेन्स १९५४ साली आली ती याच सोयीच्या जोरावर. सरळ रेषा सरळच ठेवणं हे तिचं वैशिष्ट्य होतं. त्याच वर्षी लायका एम३ कॅमेऱ्याबरोबर एम माउंट, म्हणजे लेन्स बसवायची नवी जोडणी, आली. रेंजफाइंडरसाठीच्या उंची वाइड लेन्स आजही मुख्यतः त्याच माउंटसाठी बनतात. फरक पडला तो वेगात, म्हणजे अ‍ॅपर्चर (उजेड आत येण्याचं छिद्र) किती मोठं उघडतं यात. ‘एफ/’ नंतरचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं. २००८ मध्ये लायकाने २१ आणि २४ मि.मी.च्या एफ/१.४ समिलक्स आणल्या, २०१५ मध्ये २८ मि.मी.ची. पुढे कोसिना कंपनीने फोग्टलेंडर या नावाखाली २१ मि.मी. एफ/१.४ नॉक्टन काढली.

अशी लेन्स घेताना सगळं लक्ष लेन्सवर असतं. पण रेंजफाइंडरवर लेन्स एकटी काम करत नाही. तिला बॉडीच्या फोकस यंत्रणेशी, व्ह्यूफाइंडरशी आणि सेन्सरशी जुळावं लागतं. दुसऱ्या कुणाच्या कॅमेऱ्यावर लखलखीत चित्रं देणारी तीच लेन्स तुमच्या कॅमेऱ्यावर मऊ, म्हणजे धूसर चित्रं देऊ शकते, आणि त्यात दोष लेन्सचा असेलच असं नाही. म्हणून परत करण्याची मुदत संपायच्या आत खालच्या चाचण्या स्वतःच्या बॉडीवर करा. ट्रायपॉड, एक पट्टी, छापील मजकूर आणि ढगाळ दिवस एवढं असलं की पुरतं.

पायरी १ : चौकट दिसते का ते बघा

हे खरं तर विकत घेण्याआधीच बघायचं. लायका एम६ सारख्या ०.७२ पटीच्या व्ह्यूफाइंडरमध्ये सगळ्यात रुंद फ्रेमलाइन (फोटोची हद्द दाखवणारी चौकट) २८ मि.मी.ची असते, आणि चष्मा लावणाऱ्याला तीही एका नजरेत पूर्ण दिसत नाही. एम३ मध्ये तर ५० मि.मी.पेक्षा रुंद चौकटच नाही. २४, २१, १८ मि.मी.साठी वर बसवायचा वेगळा फाइंडर लागतो, किंवा लाइव्ह व्ह्यू (लेन्समधून येणारं चित्र थेट पडद्यावर दाखवणारी सोय) असलेली बॉडी.

त्यात एफ/१.४ ची लेन्स जाडजूड असते. हूड लावला की व्ह्यूफाइंडरचा खालचा उजवा कोपरा झाकला जातो. दुकानात लेन्स हातात आली की हूडसकट बसवून बघा. पायऱ्या, रस्ता, मुलं असं काही नेमकं त्याच कोपऱ्यात येतं आणि तुम्हाला ते दिसतच नाही. चालत्या-फिरत्या छायाचित्रणासाठी मी एफ/१.४ पेक्षा एफ/२.८ किंवा एफ/३.४ ची छोटी लेन्स निवडायला सांगेन. एफ/१.४ घ्यायची ती अंधारात माणसांचे फोटो काढायचे असतील तर, किंवा जवळचा विषय मागच्या विस्तीर्ण दृश्यापासून सुटा करायचा असेल तर.

पायरी २ : बसवताना

लाल खुणेवर खूण ठेवून, जोर न लावता फिरवा. लॉकचा आवाज आल्यावर लेन्स माउंटमध्ये डुलता कामा नये. फोकस रिंग दोन्ही टोकांपर्यंत सारख्याच दाबाने फिरली पाहिजे. मध्ये कुठे अडखळली किंवा सैल झाली तर लगेच नोंद करा. व्ह्यूफाइंडरमध्ये अपेक्षित फ्रेमलाइन आली का तेही बघा. जुन्या २१ मि.मी. सुपर-अँग्युलॉनसारख्या लेन्सचं मागचं भिंग इतकं आत जातं की बॉडीच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरची वाटच अडते. नव्या लेन्समध्ये हा प्रश्न सहसा येत नाही. तरी जुन्या फिल्म बॉडीवर बसवण्याआधी उत्पादकाची सुसंगततेची यादी वाचा.

पायरी ३ : रेंजफाइंडर खरं सांगतो का

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

लेन्सच्या मागे एक कॅम, म्हणजे फोकसबरोबर सरकणारा भाग, असतो. तो बॉडीतल्या छोट्या रोलरला ढकलतो आणि त्यावरून व्ह्यूफाइंडरमधल्या दोन प्रतिमा एकावर एक येतात. ही यंत्रणा ५१.६ मि.मी. लेन्सच्या हालचालीवर बेतलेली आहे. तशी लेन्स अनंतापासून एक मीटरपर्यंत येताना सुमारे तीन मि.मी. पुढे सरकते. २१ मि.मी. लेन्स त्याच अंतरासाठी जेमतेम अर्धा मि.मी. सरकते. रोलरला मात्र तिनेही तेवढंच, म्हणजे तीन मि.मी.च ढकललं पाहिजे. म्हणून वाइड लेन्समध्ये भिंगांची चाल आणि कॅमची चाल वेगवेगळ्या आटेबंदीने जोडलेली असते. ही जुळणी किती अचूक आहे, यात महागड्या लेन्सची बरीचशी किंमत असते, आणि बिघडलं तर नेमकं इथेच बिघडतं.

‘वाइड लेन्सला सगळं फोकसमध्येच असतं’ या समजावर विसंबू नका. २१ मि.मी. एफ/१.४ वर एक मीटर अंतरावर फोकस केलं, तर जुन्या ०.०३ मि.मी.च्या मापानेसुद्धा (बिंदूचा डाग तेवढा पसरला तरी तो तीक्ष्ण धरायचा) जेमतेम १९ सें.मी.चा पट्टा तीक्ष्ण दिसतो. साठ मेगापिक्सेलच्या सेन्सरवर चित्र मोठं करून बघितलं तर त्याच्याही निम्मा.

चाचणी अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. समोर उभ्या ठळक रेषा असलेला छापील कागद लावा, कारण रेंजफाइंडर उभ्या रेषांवर उत्तम जुळतो. कागदाशेजारी पट्टी तिरकी ठेवा, म्हणजे फोकस पुढे पडलं की मागे ते मोजता येईल. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवा. ०.७ मीटर, दोन मीटर, पाच मीटर आणि अनंत, अशा प्रत्येक अंतरावर काही फोटो घ्या. निम्म्या वेळा रिंग आधी अनंताकडे नेऊन मग जुळवा, आणि निम्म्या वेळा उलट दिशेने जुळवा. दोन्ही दिशांनी उत्तरं वेगळी आली तर यंत्रणेत ढिलेपणा आहे. अनंतासाठी किलोमीटरभर लांबचा मनोरा किंवा खांब घ्या. समोरच्या इमारतीवर भागवू नका.

लाइव्ह व्ह्यू असेल तर काम सोपं होतं. रेंजफाइंडरने जुळवा, रिंगची जागा लक्षात ठेवा, मग पडदा मोठा करून पुन्हा जुळवा. रिंग हलवावी लागली तर तेवढाच फरक आहे. फिल्म बॉडीवर मात्र कमी आयएसओची फिल्म घालून खरेच फोटो काढावे लागतात.

आता अर्थ लावायचा. चूक दिसली की लगेच नव्या लेन्सला दोष देऊ नका. तीच चाचणी तुमच्या ५० किंवा ९० मि.मी. लेन्सने करा. तिथेही फोकस त्याच बाजूला घसरत असेल तर बॉडी बिघडलेली आहे. जुन्या लेन्स अचूक असतील आणि नवीच चुकत असेल तर नवी परत पाठवा. रोलरचा स्क्रू स्वतः फिरवून नव्या लेन्सला जमवून घेण्याचा मोह होतो. तो आवरा, कारण त्या एका स्क्रूने तुमच्याकडच्या सगळ्या लेन्सचं फोकस हलतं.

अलीकडच्या काही लेन्स ०.५ किंवा ०.४ मीटरपर्यंत जवळ जातात. रेंजफाइंडरची साथ साधारण ०.७ मीटरवर संपते, आणि रिंगला तिथे हलका अडथळा जाणवतो. त्यापुढे लाइव्ह व्ह्यूशिवाय इलाज नाही.

पायरी ४ : चारही कोपरे

विटांच्या भिंतीचा फोटो काढून कोपरे तपासू नका. कॅमेरा भिंतीला अंशभर तिरका असला तरी एक बाजू मऊ येते आणि तुम्ही चांगली लेन्स परत करून बसता. त्याऐवजी लांबचा एकच बारीक तपशील निवडा. अँटेना चालेल, पाटी चालेल. फोकस अनंतावर कायम ठेवून तो तपशील आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून.

चारही कोपरे सारखेच मऊ असतील तर तो लेन्सच्या आराखड्याचा स्वभाव आहे. अशा वेळी कोपऱ्यावरच फोकस जुळवून बघा. कोपरा तीक्ष्ण झाला आणि मध्यभाग मऊ पडला, तर फोकसचं प्रतल वक्र आहे. त्याच्याशी जुळवून घेता येतं. पण एकच कोपरा किंवा एकच बाजू वेगळी पडत असेल तर आतलं एखादं भिंग मध्यरेषेवरून सरकलेलं आहे. या किमतीच्या लेन्समध्ये ते खपवून घेऊ नका. एफ/८ वर झाकलं जातं म्हणून तर मुळीच नाही. मोठ्या अ‍ॅपर्चरसाठी पैसे मोजलेत, तर ते वापरण्याजोगं मिळालंच पाहिजे.

पायरी ५ : सेन्सरशी जमतं का

फिल्मला किरण तिरके आले तरी फारसं बिघडत नाही. सेन्सरला बिघडतं. मागचं भिंग जवळ असलं की कडेचे किरण फार तिरके पडतात. मग कडा काळवंडतात आणि रंगही बदलतात, एका बाजूला लालसर झाक तर दुसऱ्या बाजूला निळसर-हिरवट. लायकाने सेन्सरवरची काच पातळ ठेवून आणि कडेची सूक्ष्मभिंगं आत सरकवून यावर तोड काढली. २००६ च्या एम८ बरोबर माउंटवर सहा बिंदूंची खूणही आली. ती वाचून बॉडी स्वतः दुरुस्ती करते. दुसऱ्या कंपनीच्या लेन्सवर ही खूण नसेल तर एम९ पासूनच्या डिजिटल बॉडींमध्ये मेन्यूतून लेन्स हाताने निवडता येते. तुमच्या लेन्सला जवळचे दोन-तीन पर्याय लावून बघा आणि रंग सगळ्यात स्वच्छ येईल तो ठेवा.

तपासण्यासाठी ढगाळ आकाशाचा किंवा लेन्ससमोर दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा धरून पांढरा फोटो काढा. हा फोटो जपून ठेवा. रंगाची झाक उरलीच तर पुढे काही संपादन प्रणालींत त्याच्याच आधारे ती पुसता येते.

कडेच्या अंधाराचंही गणित समजून घ्या. २१ मि.मी.चा कर्ण-कोन सुमारे ९१ अंश, म्हणजे कोपऱ्यात किरण सुमारे ४५ अंशांनी तिरका. कोसाइनच्या चौथ्या घाताच्या नियमाने साध्या सममित रचनेत तिथे फक्त चतुर्थांश उजेड पोचतो, म्हणजे दोन स्टॉप कमी (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), आणि अ‍ॅपर्चर लहान केल्याने हा भाग जात नाही. आधुनिक रचना त्यातलं बरंच वाचवतात, पण उघड्या अ‍ॅपर्चरला दुसरी घट येऊन मिळते. सॉफ्टवेअरने कोपरे दोन स्टॉप उजळले तर आयएसओ ३२०० च्या फोटोचे कोपरे १२८०० सारखे दाणेदार दिसतात. रात्रीच्या फोटोत म्हणून मी पूर्ण दुरुस्ती करत नाही. निम्म्यावर थांबते आणि कडा थोड्या गडद राहू देते. चित्र त्यानेच एकसंध वाटतं.

अडॅप्टर लावून दुसऱ्या मिररलेस बॉडीवर वापरणार असाल तर ही पायरी नव्याने करा. तिथल्या सेन्सरवरची काच सहसा जाड असते आणि रेंजफाइंडरच्या वाइड लेन्सचे कोपरे त्यावर विरघळतात. लेन्सची परीक्षा त्या चित्रांवरून घेऊ नका.

पायरी ६ : रात्रीचे दिवे आणि सूर्य

अंधारात लांबचे दिवे कोपऱ्यात ठेवून पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरला एक फोटो घ्या. दिव्यांना पक्ष्यासारखे पंख फुटले तर तो कोमा नावाचा दोष. तारे टिपायचे असतील तर हीच चाचणी निर्णायक. दिवसा सूर्य चौकटीच्या जरा आत आणि जरा बाहेर ठेवूनही बघा. मात्र उघडी लेन्स सूर्याकडे रोखून ठेवू नका, कापडी शटरला भोक पडू शकतं.

पायरी ७ : आता वापरायला घ्या

वाइड लेन्सचं रेंजफाइंडरवरचं खरं सुख आधीच ठरवलेल्या फोकसमध्ये आहे. २१ मि.मी. एफ/८ वर फोकस १.९ मीटरला ठेवा, की सुमारे ०.९५ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं चालण्याजोगं तीक्ष्ण येतं. २८ मि.मी.ला हाच आकडा ३.३ मीटर, आणि जवळची हद्द १.६५ मीटर. लेन्सवरच्या खुणाही याच जुन्या हिशोबाने कोरलेल्या असतात. दाट पिक्सेलच्या सेन्सरवर दोन स्टॉप कडक राहा : अ‍ॅपर्चर एफ/८ ठेवा, पण हद्द एफ/४ च्या खुणांवरून वाचा. फोकस रिंगला बोटाचा टॅब असेल तर तो सरळ खाली आल्यावर किती अंतर आहे ते पाठ करा. मग कॅमेरा डोळ्याला लावण्याआधीच बोट फोकस जुळवतं.

चौकटीच्या कडेला माणसाचं डोकं आलं की ते बाहेरच्या बाजूला ताणलं जातं. लेन्स कितीही महाग असली तरी हे होणारच, कारण सपाट प्रतलावर रुंद कोन मांडण्याचा तो भाग आहे. घोळक्याचा फोटो घेताना कडेला थोडी जागा मोकळी सोडा आणि कॅमेरा सपाट धरा. वरचा फाइंडर वापरत असाल तर आधी बॉडीच्या खिडकीतून फोकस, मग फाइंडरमधून चौकट, असा क्रम ठेवा. हा फाइंडर लेन्सच्या बराच वर बसतो, त्यामुळे एक-दीड मीटरच्या आतल्या विषयाचा वरचा भाग कापला जातो. जवळच्या अंतरासाठी त्यात ठिपक्यांची वेगळी रेघ असेल तर तिच्याखाली डोकं ठेवा. नसेल तर चौकट बसवून झाल्यावर, शटर दाबण्याआधी कॅमेरा किंचित वर करा.