स्टिअरिंगचा आवाज शोधायला बसण्याआधी

तयारी आदल्या रात्रीपासून सुरू होते. गाडी सपाट जागी लावा आणि पुढच्या दोन चाकांच्या मधे रद्दीतले पेपर अंथरून ठेवा. सकाळी पेपरावर लालसर, बोटाला तेलकट लागणारा डाग पडला असेल तर गळती आहे आणि अर्धा शोध तिथेच लागला. पेपर कोरडा राहिला तरी गळती नाहीच असं समजू नका. त्याबद्दल पुढे सांगतो.

सकाळी गाडी चालू करण्याआधी बॉनेट उघडून स्टिअरिंग कुठल्या जातीचं आहे ते बघून घ्या. बेल्टवर फिरणारा पंप आणि ऑईलचा छोटा डबा दिसला तर हायड्रॉलिक, म्हणजे ऑईलच्या दाबावर चालणारं. जुन्या इनोव्हा, बोलेरो, स्कॉर्पिओ यांत हेच असतं. स्विफ्ट, वॅगन आरसारख्या गाड्यांत इलेक्ट्रिक मोटर असते, तिथे स्टिअरिंगच्या ऑईलचा डबाच नाही. तेव्हा 'ऑईल टाकून बघू' म्हणणाऱ्याला तिथल्या तिथे थांबवा.

आता वही-पेन घ्या आणि आवाज कधी येतो ते लिहा. मला विचाराल तर सगळ्या यादीत हेच सर्वांत महत्त्वाचं, आणि हेच कोणी करत नाही. मेस्त्रीला 'स्टिअरिंग आवाज करतंय' एवढंच सांगितलं की तो अंदाजाने पार्ट बदलत सुटतो, आणि अंदाजाचा पार्ट महाग पडतो. सकाळी थंड गाडी चालू केल्या केल्या किंवा पूर्ण कट मारताना, म्हणजे स्टिअरिंग टोकापर्यंत वळवताना, किंचाळी येत असेल तर आधी बेल्टवर संशय. कट मारताना कण्हल्यासारखी घूंऽऽ येते आणि रेस वाढवली की तीही चढते, हा पंपाचा आवाज. पण पंपाचा आवाज म्हणजे पंप गेला असं नव्हे, बहुतेक वेळा त्याला ऑईल पुरत नसतं किंवा ऑईलमध्ये हवा शिरलेली असते. चालती गाडी पूर्ण वळवताना कट-कट-कट वाजतं तेव्हा स्टिअरिंगचा दोषच नाही. एक्सलचा बाहेरचा जॉइंट बघा. तिथला रबरी बूट फाटून चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं सापडेल. खड्ड्यात खट-खट आली तर टाय रॉड एंड (स्टिअरिंगची हालचाल चाकाला देणाऱ्या दांड्याचं टोक), किंवा चाकाच्या सस्पेन्शनमधले लिंक रॉड आणि लोअर आर्मचा बॉल जॉइंट. उभ्या गाडीत स्टिअरिंग वळवताना स्प्रिंग टणकन उडाल्यासारखी वाजली तर शॉकअपच्या वरचं बेअरिंग. पूर्ण कटच्या टोकाला हायड्रॉलिक गाडीत येणारी बारीक सूंऽऽ मात्र नेहमीची असते. तिथे दाब सोडणारा व्हॉल्व्ह उघडतो. फक्त स्टिअरिंग तसंच पाच सेकंदांपेक्षा जास्त दाबून धरू नका, ऑईल तापतं.

आमच्या जुन्या डिझेल गाडीचा पंप गेला असं एका गॅरेजने छातीठोक सांगितलं होतं. घरी येऊन गाडी चालू ठेवली, डब्याचं झाकण काढून बॅटरीच्या उजेडात बघितलं. उकळत्या चहावर येतो तसा बारीक, पिवळट-लाल फेस. ऑईलची पातळी बरोबर, खाली थेंब नाही. डब्यातून पंपाकडे जाणारा पाईप वयाने कडक झाला होता आणि क्लॅम्पपाशी हवा ओढत होता. या पाईपात दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून हवा आत जाते, ऑईल बाहेर येत नाही आणि पेपर कोरडाच राहतो. नवा पाईप, दोन क्लॅम्प, आवाज बंद.

सामान आधी गोळा करा: हातातली बॅटरी, खडू, फडकं, तुमच्या नटांच्या मापाचे पाने, जॅक, दोन पक्के स्टँड, मागच्या चाकांना लावायला लाकडी ठोकळे, मेडिकलमधून आणलेली सुई नसलेली मोठी सिरिंज आणि रिकामी पारदर्शक बाटली. ऑईल झाकणावर किंवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच घ्या. बऱ्याच गाड्यांना डेक्सरॉन जातीचं लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं ऑईल) चालतं, पण सगळ्यांना नाही. ब्रेक ऑईल तर चुकूनही ओतू नका, सील फुगून बाद होतात.

एक माणूस जोडीला हवाच. इंजिन बंद, किल्ली फिरवून स्टिअरिंगचं लॉक सोडवलेलं, चाकं जमिनीवर. त्याने स्टिअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडे हलवायचं आणि तुम्ही एकेका जॉइंटवर हात ठेवायचा. कानाला फसवणारी खट हाताला बरोबर लागते. सापडला की खडूने खूण करा. मग गाडी स्टँडवर घेऊन चाक आडवं, नऊ आणि तीनवर धरून हलवा: ढिलाई टाय रॉडची. उभं, बारा आणि सहावर धरून हलवलं की बॉल जॉइंट किंवा चाकाचं बेअरिंग कळतं. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोकंही घालू नका. स्टँड असला तरी स्टेपनी काढून बॉडीखाली आडवी सरकवून ठेवा.

ऑईलमधली हवा काढायची असेल तर पुढची चाकं उचललेली, इंजिन बंद, झाकण उघडं. स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश वीसेक वेळा फिरवा आणि पातळी उतरेल तसं ऑईल भरत राहा. बुडबुडे थांबले की मगच इंजिन चालू करून पुन्हा तेच. जुनं ऑईल काळपट, जळका वास येणारं असेल तर सिरिंजने उपसून आधी बदला.

टाय रॉड एंड बदलताना जुना किती आट्यांनी निघाला ते मोजून लिहा, नट अडकवून ठेवणारी स्प्लिट पिन नवीच घाला आणि त्याच दिवशी चाकांची अलाइनमेंट करून घ्या. स्टिअरिंग व्हीलमागे घासल्यासारखा आवाज असेल तर तिथे एअरबॅगची वायर गुंडाळलेली असते. ते काम जाणकारावर सोपवा. जॉइंट हाताला ढिला लागला किंवा स्टिअरिंग अचानक जड झालं, तर ती गाडी गणपतीला कुंभार्ली घाटातून खाली कोकणात उतरवायची नाही, घरचे कितीही म्हणोत.

काम झालं की रात्री पेपर पुन्हा अंथरा.