शारजाला निघताय? बॅग नंतर भरा, आधी मोबाइल नंबराचं बघा

बॅगेत काय भरायचं ते सांगत बसत नाही. पासपोर्ट, व्हिसाची प्रिंट, तिकीट, फोटो हे कोणी विसरत नाही, आणि विसरलाच तर नागपूरच्या विमानतळावरून परत येतो. दुबई-शारजाला वायरमनकी, ड्रायव्हरकी, एसीचं काम करायला आपल्या तालुक्यांतली पोरं निघालीत, त्यांच्यासाठी ही यादी आहे. त्यातली अर्धी मागे राहणाऱ्यांसाठी आहे, कारण माझ्या वेळी तीच राहून गेली होती.

सगळ्यात आधी मोबाइल नंबर. घरात एक पोरगा शिकलेला असला की गावभरच्या फॉर्मवर त्याचाच नंबर जातो. बाबांचं पीक कर्जाचं खातं, पीएम किसान, आईची लाडकी बहीण, गॅसचं बुकिंग, काकूचं जनधन, शेजारच्या आजीचं निराधारचं खातं, सगळीकडे तुम्हीच. मी गेलो तेव्हा माझं सिम रोमिंग न करता पाकिटात पडून होतं आणि रिचार्जही संपला होता. इकडे सीसीआयला, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाला, कापूस द्यायचा म्हणून बाबा सेतूवर कपास किसान ॲपमध्ये नोंदणी करायला गेले. ओटीपी माझ्या नंबरवर. शेजारच्या पोराच्या फोनवरून मला विचारतात, "काहून येत नाई बे अजून मेसेज?" येणार कुठून? शेवटी कापूस खेडा खरेदीवाल्याला, गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला, गेला, तो म्हणेल त्या भावात.

म्हणून एका संध्याकाळी आईबाबांसोबत वही घेऊन बसा आणि आपला नंबर कुठेकुठे दिला आहे ते आठवून लिहा. बँकेची पासबुकं, गॅसचं पुस्तक, योजनांच्या पावत्या समोर ठेवा, नाहीतर निम्मं सुटतं. मग बाबांना त्यांच्याच नावावर नवं सिम घेऊन द्या. तुमच्या किंवा काकांच्या नावावरचं नको. हरवलं की दुसरं सिम ज्याचं नाव त्यालाच मिळतं.

नंतर आधार केंद्र. हे काम निघायच्या आठवड्यात ठेवू नका. जन्मभर कापूस वेचलेल्या, फवारणी केलेल्या माणसाचा अंगठा मशीनवर पहिल्या फटक्यात उठतच नाही. ऑपरेटर फडक्याने काच पुसतो, बाबा बोट धोतराला घासतात, पुन्हा ठेवतात, मशीन पुन्हा लाल. मग दुसरा अंगठा, मग मधलं बोट, तोवर मागची रांग कुरकुरायला लागते, आणि शेवटी "डोळ्याचं घेऊ, सोमवारी या". असे दोन-तीन सोमवार हाताशी ठेवूनच जा.

आणि आधारवर नंबर बदलला म्हणजे बँकेत बदलला असं होत नाही! बँकेत वेगळा फॉर्म, गॅसला वेगळा, पीएम किसानला वेगळा. लाडकी बहीणच्या ई-केवायसीला तर आईच्या आधारचा ओटीपी वेगळा आणि बाबांच्या आधारचा वेगळा लागतो, म्हणून दोघांचेही नंबर चालू हवेत. सगळं झालं की वहीतल्या प्रत्येक ओळीवर बरोबरची खूण करा. खूण नसलेली ओळ म्हणजे तुम्ही गेल्यावर कोणाचं तरी अडलेलं काम.

तुमचा स्वतःचा नंबरही जिवंत ठेवा. इंटरनॅशनल रोमिंग इथे असतानाच चालू करून घ्या. बाहेर मेसेज यायला सहसा पैसे पडत नाहीत, पण रोमिंग बंद असेल किंवा प्लॅन संपलेला असेल तर ओटीपी येत नाही. प्रीपेड नंबर ९० दिवस वापरलाच नाही तर कंपनी तो बंद करून दुसऱ्याला देऊ शकते. तुमच्या बँकेचा नंबर कोण्या अनोळखी माणसाच्या खिशात, कल्पना करा. रिचार्जची जबाबदारी भावाला नाव घेऊन सांगा. "कोणी तरी करेल" म्हटलं की कोणीच करत नाही.

बँकेतून आणखी एक. नोकरीला बाहेर गेल्यावर साधं बचत खातं तसंच चालवता येत नाही. ते एनआरओ (बाहेर राहणाऱ्याचं इथल्या पैशाचं खातं) करायचं आणि तिकडच्या पगारासाठी एनआरई उघडायचं. तालुक्याच्या शाखेत साहेबालाही कधी कधी फॉर्म शोधावा लागतो, हातात वेळ ठेवून जा. आणि फॉर्मवर नंबर कोणता लिहिताय ते दोनदा बघा.

आता एजंट. "व्हिजिट व्हिसावर चल, तिथं गेल्यावर बदलून देतो" असं म्हणणाऱ्याच्या घरचा चहासुद्धा पिऊ नका. व्हिजिटवर काम करणं तिकडे गुन्हा आहे. एजंटचं लायसन्स सरकारच्या ई-मायग्रेट साइटवर तपासता येतं, मोबाइलवरही. सरकारी नियमाप्रमाणे त्याला जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. दीड लाख मागणारा काय बोलतो ते ऐकून घ्या आणि उठा. दहावी पास नसाल तर पासपोर्ट ईसीआर असतो. मग आखातात नोकरीला जाताना एमिग्रेशन क्लिअरन्स, म्हणजे बाहेर नोकरीला जायची सरकारी परवानगी, लागतो आणि प्रवासी भारतीय बीमा काढावाच लागतो: १० लाखांचं कवच, दोन वर्षांचे २७५ रुपये, तीन वर्षांचे ३७५. व्हिजिटवर नेणारा नेमकं हेच चुकवतो.

ऑफर लेटर हिंदीतही मिळतं, तेच मागून वाचा. एकूण पगारापेक्षा बेसिक किती ते बघा, कारण नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: वर्षभर काम झाल्यावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक. राहण्या-खाण्याचे भत्ते फुगवून बेसिक बारीक ठेवलेला कागद पुष्कळ ठिकाणी दिसतो.

पासपोर्टवर आडनावाचा रकाना कोरा आहे का बघा. २०२२ च्या नोव्हेंबरपासून यूएई (दुबई-शारजा ज्यात येतात तो देश) एकच शब्द नाव असलेल्या नव्या माणसाला आत घेत नाही. आयटीआय किंवा डिग्रीच्या सर्टिफिकेटवर आधी राज्य सरकारचा, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग यूएई वकिलातीचा शिक्का. वेळ खातं. सातबाऱ्यावर तुमचं नाव असेल तर मुखत्यारपत्र तालुक्यातच करून जा.

सामानात एवढंच: खर्रा घरी सोडा. विड्याचं पानसुद्धा कस्टमच्या बंदीच्या यादीत आहे. आणि आईच्या मसाल्यात खसखस आहे का ते विचारा. सावजीचा म्हणा की घरचा काळा म्हणा, आपल्याकडे ती असतेच, आणि तिकडे खसखस अमली पदार्थात मोजतात. आईला आधीच सांगा, तिला बिनखसखशीचा वेगळा कुटावा लागेल. जवसाची चटणी न्या, तिला कोणी काही म्हणत नाही. गावच्या डॉक्टरच्या पुडीतल्या सुट्या गोळ्या अजिबात नको. ट्रामाडॉल आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध आपल्याकडे चिठ्ठीवर मिळतं, तिकडे त्यावरून आत टाकतात.

आईच्या फोनमध्ये बोटिम हे कॉलचं ॲप टाकून द्या आणि चारदा लावून दाखवा. यूएईत व्हॉट्सॲपवर मेसेज चालतात, कॉल लागत नाही. घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे, म्हणजे तुमची जेवणानंतरची वेळ झाली की गावात झोपलेले असतात.

उन्हाचं म्हणाल तर अकोला-चंद्रपूरचा मे काढलेल्याला ऊन नवं नाही. तिथली दमट हवा नवी आहे, घाम वाळतच नाही. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावरचं काम बंद असतं. सुपरवायझर विसरला तर आठवण द्या.

पोहोचल्यावर मेडिकल, एमिरेट्स आयडी (तिकडचं ओळखपत्र), बँक हे सगळं कंपनी करते. पासपोर्ट स्वतःपाशी. रस्ता वाटेल तिथून ओलांडू नका, ४०० दिरहम जातात. मेट्रोत खाऊ-पिऊ नका, १००. अडचण आली तर भारतीय दूतावासाचा फुकट नंबर ८०० ४६३४२. पहिला पगार हातात पडायला महिना-दीड महिना लागेल असं धरून खर्चाचे दिरहम इथूनच न्या. बाकी रूमवरची पोरं सांगतील.