दोन-तीन एमबीए ऑफर हातात आहेत, मग कुठली घ्यायची?

ऑफर आल्या की पहिले दोन दिवस आपण नुसतं रँकिंग उघडून बसतो, मीही तेच केलं होतं. पण ते रँकिंग बनतं कशावर ते एकदा बघाच. फायनान्शियल टाइम्स या ब्रिटिश वृत्तपत्राच्या यादीत पगाराला बरंच वजन आहे आणि ते आकडे वेगवेगळ्या देशांतली महागाई धरून जुळवलेले असतात, म्हणजे यादीत दिसतो तो आकडा जसाच्या तसा कुणाच्या खात्यात पडत नाही. तेव्हा अकरावा का सतरावा यात डोकं लावू नका.

त्यापेक्षा प्रत्येक स्कूलचा एम्प्लॉयमेंट रिपोर्ट काढा आणि निवांत वाचा. इतके टक्के मुलांना 3 महिन्यांत ऑफर मिळाली असं लिहिलेलं असतं, तर ते टक्के बहुतेक वेळा फक्त नोकरी शोधणाऱ्यांचे असतात, ज्यांना कंपनीनेच शिकायला पाठवलंय किंवा जे स्टार्टअप करतायत ते त्यात धरलेलेच नसतात. पगाराची सरासरी सोडा, मिडियन बघा, म्हणजे सगळे पगार ओळीने लावले तर मधोमध येतो तो. आणि तुम्हाला ज्या शहरात, ज्या कामात जायचंय तिथे किती जण गेले ते शोधा, कंपन्यांची लांबलचक यादी असते पण एकेका कंपनीने एकच मुलगा घेतलेला असू शकतो. कन्सल्टिंग नाहीतर इन्व्हेस्टमेंट बँकिंग करायचं असेल तर नावाला खरंच किंमत आहे, कारण त्या कंपन्या ठरावीक कॅम्पसवरच जातात. घरचा धंदा बघायचाय? मग नावासाठी एवढं कर्ज कशाला!

आता पैसे. समजा एका ठिकाणी खर्च 100 आणि स्कॉलरशिप शून्य, दुसरीकडे खर्च तेवढाच पण 60 माफ. 100 चं कर्ज 10 टक्के व्याजाने 10 वर्षं फेडलं तर हप्त्यांतून जवळपास 159 जातात, 40 चं घेतलं तर 63 च्या आसपास. म्हणजे ती 60 ची स्कॉलरशिप खरं तर 95 ची आहे. पत्र मात्र नीट वाचा, स्कॉलरशिप दोन्ही वर्षं आहे का पहिल्याच वर्षी, ग्रेड घसरले तर जाते का. आणि मागायला लाजू नका, दुसऱ्या स्कूलचं पत्र जोडून सभ्य ईमेल टाका, फार तर नाही म्हणतील. हार्वर्डसारख्या ठिकाणी हे चालत नाही, तिथे पैसे गरज बघून देतात.

लोकेशन म्हणजे हवामान नव्हे हो. जिथे नोकरी हवीय त्या शहरात असलात की कॉलेज चालू असताना लोकांना भेटता येतं, ते लांबून ऑनलाइन जमत नाही. परदेशी जाणाऱ्यांनी व्हिसा आधी बघा, अमेरिकेत कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनिअरिंग, गणित) मोडत असेल तर 12 महिन्यांच्या ओपीटीनंतर (म्हणजे शिकून झाल्यावर तिथे काम करायची परवानगी) अजून 24 महिने मागता येतात. इन्सिआड या फ्रान्स-सिंगापूरमधल्या बिझनेस स्कूलचा कोर्स 10 महिन्यांचा, म्हणजे दोन वर्षांच्या कोर्सपेक्षा बुडालेला पगार निम्म्याहून कमी, पण करिअर पूर्ण बदलायचं असेल तर इंटर्नशिपला वेळ मिळतोय का ते विचारून घ्या.

एवढं करूनही अडलंच, तर दोन्हीकडच्या तुमच्याच लाइनमधल्या दोन-दोन सीनियरना फोन करा, ॲडमिशन ऑफिसने गाठ घालून दिलेले नकोत, स्वतः शोधलेले, आणि विचारा की पहिल्या सेमिस्टरमध्ये नोकरीसाठी नेमकं काय काय केलंत. सीट पक्की करायला भरलेलं डिपॉझिट सहसा परत मिळत नाही, म्हणून शेवटची तारीख जवळ आली असेल तर आधी मुदत वाढवून मागा. आणि नको असलेली सीट लगेच सोडा, वेटलिस्टवर कुणीतरी ताटकळत बसलेलं असतं.